हरळीच्या मुळांतलें विष : तण दाबणारें गवत पारखावें कसें ?

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, फणसवाडी, मुंबई)

शेतकऱ्यांच्या मासिकांत फणसवाडीच्या माणसानें लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या गल्लींत आतां फणसही नाहीं आणि वाडीही नाहीं. आहेत त्या चाळी, देवळें आणि ठाकुरद्वाराच्या बाजूस फुलवाल्यांच्या टोपल्या. तथापि प्रस्तुत लेखकाची तीस वर्षें तालुका कचेरींत पाहणीपत्रकें तपासण्यांत गेलीं असल्यामुळें गवत या वस्तूशीं त्याचा संबंध पुष्कळ आला. ज्या सर्व्हे नंबरापुढें वर्षानुवर्षें 'पडीक' असा शेरा दिसे, त्याची चौकशी केली असतां पुष्कळदां एकच उत्तर मिळे : हरळी माजली. इकडे फणसवाडींत तीच हरळी दुर्वांची जुडी होऊन देवापुढें वाहण्याकरितां विकत मिळते. आणि येथून पायीं जाण्याच्या अंतरावर, समुद्राकांठच्या जिमखान्यांच्या मैदानांवर, तीच पाणी घालून, कापून, लाड करून वाढविली जाते. एकाच गवताची एके ठिकाणीं पूजा, दुसऱ्या ठिकाणीं चाकरी आणि तिसऱ्या ठिकाणीं कुदळीनें उच्छेद !

मैदानावरच्या माळ्यास विचारलें तर तो सांगेल कीं, हरळी एकदां दाट बसली म्हणजे तिच्यांत परकें तण सहसा शिरत नाहीं. शिरलाच तर लव्हाळा तेवढा शिरतो. असें कां व्हावें ? हरळी तणाची जागा अडविते म्हणून, कीं तणाच्या मुळांस बाधेल असें कांहीं द्रव्य ती जमिनींत सोडते म्हणून ? आणि दुसरें कारण खरें असेल, तर असें द्रव्य अधिक सोडणारीं गवतें हुडकून तीं बांधावर, बागेंत, आळ्याभोंवतीं लावून खुरपणीचा खर्च व तणनाशकाची फवारणी वांचवितां येईल काय ? हा प्रश्न पुस्तकी नव्हे. त्याचें उत्तर मीं घाईनें दिलें, आणि त्या घाईची किंमत कोंकणांतील माझ्या पुतण्याच्या आंब्याच्या कलमांनीं भरली. ती हकीकत यथाक्रम सांगतों.

एक वनस्पति आपल्या शेजारणीस तीन प्रकारांनीं दाबते : सावली धरून, अन्नपाणी ओढून घेऊन, किंवा विष घालून. पहिले दोन प्रकार सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहेत. तिसऱ्यास १९३७ सालीं ऑस्ट्रियांतील वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनीं 'ॲलेलोपथी' असें नांव दिलें. (हेच गृहस्थ १९२८ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेंत राहून काम करून गेले होते.) आपल्याकडे या शब्दास प्रतिशब्द शोधीत बसण्याचें कारण नाहीं; त्याच्या जवळचा 'बेवड' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. मागच्या पिकानें जमिनींत काय ठेविलें, याचा हिशेब म्हणजे बेवड. त्यांत खत येतें, ओल येते, आणि कित्येकदां विषही येतें. ज्वारीचेंच पहा. तिच्या मुळांवरील बारीक केंसांतून तेलकट, पिवळसर थेंब पाझरतात. त्यांतील मुख्य द्रव्य अमेरिकेंतील संशोधकांनीं १९८६ सालीं ओळखलें व त्यास 'सॉर्गोलिओन' म्हटलें. लहान तणाच्या रोपास उजेडापासून अन्न तयार करण्याची जी शक्ति असते, तिलाच हें द्रव्य अडथळा करतें.

याहून जुना दाखला हरभऱ्याचा आहे. ख्रिस्तापूर्वीं सुमारें ३०० वर्षें थिओफ्रास्टस नांवाच्या ग्रीक पंडितानें लिहून ठेविलें आहे कीं, हरभरा जमिनीचा कस खातो, परंतु तणाचा नाश करतो, आणि सर्वांत लवकर सराट्याचा करतो. पहाटे हरभऱ्याच्या शेतांतून जातांना ज्यांनीं धोतराचा सोगा ओला करून घेतला आहे व ती आंब जिभेस लावून पाहिली आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. त्या आंबटपणाचा आणि तण मरण्याचा संबंध लावण्याची घाई मात्र कोणीं करूं नये. घाईचा परिणाम काय होतो, तें पुढें आलेंच आहे.

आतां गवताकडे वळूं. थंड मुलखांत हिरवळीकरितां 'फेस्क्यू' या जातीचीं बारीक पात्यांचीं गवतें लावितात. त्यांतील कांहीं वाणांच्या हिरवळींत तण जवळ जवळ येतच नाहीं, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या वाणांत सर्रास येतें, असें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांच्या नजरेस आलें. वाढ सारखी, दाटी सारखी, मग फरक कशाचा ? म्हणून त्यांनीं मुळांतून पाझरणारें पाणी गोळा केलें, त्याचे भाग पाडले, प्रत्येक भाग बियांवर घालून पाहिला, आणि जो भाग मुळें खुंटवितो त्याचा पाठलाग करीत अखेर एका द्रव्यापर्यंत ते पोहोंचले. २००७ सालीं तें प्रसिद्ध झालें. तें 'मेटा-टायरोसीन' नांवाचें अमिनो आम्ल आहे. वनस्पतीचें शरीर ज्या अमिनो आम्लांच्या विटांनीं बांधलें जातें, त्यांपैकीं एका विटेसारखीच ही वीट दिसते. शेजारचें रोप फसून ती आपल्या भिंतींत बसवितें, आणि भिंत कच्ची राहते. संशोधकांनीं जेव्हां खरी वीट, म्हणजे 'फेनिलअलानिन' नांवाचें अमिनो आम्ल, वरून पुरविली, तेव्हां मुळें पुन्हां वाढूं लागलीं. हा पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसतें मारून दाखविणें सोपें आहे. मारण्याचें कारण काढून घेतलें असतां रोप जगतें, हें दाखविणें कठीण.

फेस्क्यू मुंबईच्या उन्हांत टिकणारें गवत नव्हे. तेव्हां तें आणून लावावें असें कोणास सुचवावयाचें नाहीं. घेण्यासारखी आहे ती रीत : पुष्कळ वाण जमवावयाचे, सर्वांस एकच चाळणी लावावयाची, आणि वेगळे निघतील तेवढेच पुढें तपासावयाचे. अशा चाळण्या पिकांसही लागलेल्या आहेत. १९७४ सालीं मिशिगन येथें पुटनम आणि ड्यूक या दोघांनीं ४१ देशांतून आलेले काकडीचे ५२६ नमुने वरी व पांढरी मोहरी यांच्या शेजारीं वाढविले. त्यांत एका नमुन्यानें शेजाऱ्यांची वाढ शेंकडा ८७ नें कमी केली, आणि बहुतेकांनीं विशेष कांहीं केलें नाहीं. ऑस्ट्रेलियांत गव्हाच्या ४५३ नमुन्यांची रायगवतावर परीक्षा झाली. तेथेंही कोठें शेंकडा १० तर कोठें ९० असा जमीनअस्मानाचा फरक दिसला. तात्पर्य काय कीं, 'हरळी विषारी आहे काय ?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणती हरळी, कोणाला, आणि किती, असें विचारलें पाहिजे.

हें सर्व मला आज समजतें. चार वर्षांपूर्वीं समजत नव्हतें. त्या वेळीं अशा संशोधनाचा त्रोटक वृत्तांत वाचनांत आला आणि मीं लागलीच चाळीच्या गॅलरींत प्रयोग मांडला. फुलवालीकडून दुर्वांच्या जुड्या आणल्या, पाट्यावर वाटल्या, पाण्यांत दोन दिवस भिजत ठेविल्या, आणि तें हिरवें पाणी बशींतील मुळ्याच्या बियांवर शिंपडलें. साध्या पाण्याच्या बशींतील बीं तिसऱ्या दिवशीं फुटलें. दुर्वांच्या बशींत एकही दाणा रुजला नाहीं. मला कोण आनंद झाला ! विष सांपडलें असें मीं पुतण्यास तत्काळ कळविलें. त्याची आंब्याची नवी लागवड होती. दर पावसाळ्यांत दोनदां बेणणी, तिला माणसें मिळत नाहींत, आणि विहीर जवळ असल्यामुळें तणनाशक मारावयास मन घेत नाहीं, अशी त्याची अडचण. (ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना केंद्र सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत काढली, तेव्हांपासून त्याचें मन अधिकच कचरूं लागलें होतें.) मीं सल्ला दिला : आळ्याभोंवतीं हरळी लाव, ती तणास येऊं देणार नाहीं. त्यानें काकांच्या शब्दाखातर लाविली.

तण खरोखरच कमी झालें. पहिल्या वर्षीं पुतण्या खुष होता. दुसऱ्या वर्षीं कलमें जागच्या जागीं बसलीं. नवी पालवी येई ती खुरटी, पानें लहान, शेजारच्या, हरळी न लावलेल्या ओळींतील कलमें कमरेएवढीं झालीं, तरी हीं गुडघ्याशींच. मी गांवीं गेलों तेव्हां पुतण्या कांहीं बोलला नाहीं, परंतु वहिनी बोलल्या. त्यांचें सारें आयुष्य बेणणींत गेलेलें. त्या म्हणाल्या, "भावोजी, हरळीखालीं दुसरं कांहीं उगवत नाहीं, हें आम्हां बायकांना ठाऊकच होतं. पण तिच्याखालीं कलम तेवढं वाढेल, असं तुम्हांला कुणी सांगितलं ?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तणास जें बाधतें तें कलमासही बाधेल, ही साधी गोष्ट मीं तपासलीच नव्हती. मागाहून वाचतां असें कळलें कीं, अमेरिकेंत पीचच्या नव्या बागांतही हरळीनें कोंवळीं झाडें खुंटल्याचा अनुभव आहे. आम्ही आळ्यांतील हरळी कुदळीनें उपटली, कांड्या वेंचून वाळवून जाळल्या, आणि आळ्यांत वाळक्या पाल्याचें आच्छादन घातलें. कांहीं कलमें पुढल्या पावसांत उठलीं. कांहीं उठलीं नाहींत.

मुंबईस परत आल्यावर मीं पहिला प्रयोग पुन्हां मांडला. मात्र या खेपेस दुर्वांच्या जोडीस मेथीचा पाला वाटून, तितकाच भिजवून, तिसरी बशी केली, आणि चौथींत दाट साखरपाणी घातलें. मेथीच्या बशींत बीं रुजलें नाहीं. साखरेच्या बशींतही नाहीं ! म्हणजे पहिल्या वेळीं मुळ्याचें बीं हरळीच्या विषानें मेलें असें म्हणण्यास कांहींच आधार उरला नाहीं. दाट पाण्यांतून बियांस ओल शोषतां येत नाहीं, आणि दोन दिवस कुजलेल्या कोणत्याही पाल्याचें पाणी बियांस वाईटच. शिवाय मैदानावरील हरळीस कोणी पाट्यावर वाटीत नाहीं. ती जें सोडील तें मुळांतून किंवा गळलेल्या पात्यांतून, हळूहळू व थोडें थोडें. वाटलेल्या पाल्याच्या पाण्यावर विसंबून गवतास 'तणनाशक' ही पदवी देणारे लेख अजूनही निघतात; वाचकांनीं ते वाचतांना मेथीची बशी आठवावी.

आतां खरी रीत. सभासदांपैकीं कोणास मुलांकडून शाळेंत किंवा घरीं करवून घेतां येईल, अशी ती सोपी करून देतों.

ऑस्ट्रेलियांतील गव्हाच्या परीक्षेंत जी पद्धत वापरली, ती बरणीची. रुंद तोंडाची काचेची बरणी उकळत्या पाण्यानें धुवून घ्यावी. अगर-अगर, म्हणजे मुंबईच्या वाण्याकडे 'चायना ग्रास' म्हणून मिळतें तें, एक लिटर पाण्यास तीन ग्रॅम या मानानें उकळून बरणीच्या तळाशीं दोन बोटें ओतावें. निवल्यावर त्याची मऊ खीर होते. तिच्यांत खत नाहीं, अन्न नाहीं. म्हणून अन्नासाठीं भांडण होण्याचें कारण थोडें. एका अर्ध्या भागांत गवताचीं रोपें लावावीं. गव्हाचें बीं घालतां येतें. हरळीच्या मात्र मुळें फुटलेल्या कांड्या स्वच्छ धुवून घ्याव्या. सात दिवसांनीं दुसऱ्या अर्ध्या भागांत तणाचें किंवा परीक्षेच्या रोपाचें बीं घालावें, आणि मध्यें पांढऱ्या पुठ्ठ्याचा पडदा अशा बेतानें उभा करावा कीं तो खिरीच्या एक सेंटिमीटर वरच राहील. अशानें वर पानें एकमेकांवर सावली धरीत नाहींत, आणि खालीं मुळांतलें पाणी मोकळेपणानें एकमेकांकडे जातें. शेजारीं गवत नसलेली दुसरी बरणी हवीच. दहा दिवसांनीं रोपें उपटून मुळें मोजावीं. शेंडा मोजूं नये असें नाहीं; परंतु बाधा प्रथम मुळावर दिसते. तण म्हणून राजगिरा घ्यावा, तो काटेमाठाचा सगोत्र असून बीं बारीक व सारखें असतें. आणि त्याच्या जोडीस आपण जें पीक घेणार तें घ्यावें. ही दुसरी बरणी मीं मांडली असती, तर कलमें वांचलीं असतीं.

बुरशी ही या रीतीची मोठी शत्रु. पावसाळ्यांत माझ्या निम्म्या बरण्या तिनें खाल्ल्या. हिवाळ्यांत करावें हें बरें.

दुसरी रीत जिन्याची. विलायतेंत तिच्याकरितां लांकडी पायऱ्या बनवितात. मीं चाळीच्या जिन्यावर मांडली आणि बिऱ्हाडकरूंच्या तक्रारीवरून दुसऱ्याच दिवशीं गॅलरींत खोकीं रचून तेथें हलविली. तळास भोंकें पाडलेले तेलाचे डबे घ्यावे. वरच्या पायरीवर एका डब्यांत गवत, दुसऱ्यांत तीच माती पण रिकामी. खालच्या पायरीवर दोहोंच्या खालीं राजगिऱ्याचे डबे. वर मोजून पाणी घालावें, तें खालच्या डब्यांतून परातींत उतरेल. परातींतलें पुन्हां वर घालावें. दोन्ही बाजूंस सारखेंच पातळ खतपाणी द्यावें, नाहीं तर वरच्या गवतानें खत खाल्लें म्हणून खालचीं रोपें उपाशीं राहतील आणि आपण विष म्हणून ओरडूं.

तिसरी रीत कोळशाची, आणि माझ्या मतें ती सर्वांत अधिक शहाणी. बारीक केलेला कोळसा असलीं द्रव्यें आपल्या अंगीं धरून ठेवितो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत करवंटीचा कोळसा घालतात तो याच गुणाकरितां. गवताशेजारीं रोपें लावतांना अर्ध्या डब्यांच्या मातींत कोळशाची पूड मिसळावी. कोळशाच्या डब्यांत रोपें सुधारलीं, तर दोष द्रव्याचा. दोन्हीकडे सारखींच खुरटलीं, तर दोष सावलीचा व तहानेचा. मात्र कोळसा स्वतःच मातीचा गुण पालटतो, यासाठीं गवत नसलेल्या दोन डब्यांतही, एकांत कोळसा व एकांत नाहीं, अशी तुलना ठेवावी. माझ्या गॅलरींत हरळीजवळचा राजगिरा कोळशानें थोडा सुधारला, पुरता नाहीं. एका गॅलरीच्या अनुभवावर सिद्धांत उभारूं नये. पण माझ्यापुरतें मला असें वाटूं लागलें आहे कीं, हरळीच्या दराऱ्यांत विषाचा वांटा कांहीं आहे, आणि तिच्या आधाशीपणाचा व गर्दीचा त्याहून मोठा.

कुंडींत जें दिसेल तें शेतांत दिसेलच असें नाहीं. मातींतील सूक्ष्म जंतु हीं द्रव्यें खाऊन टाकतात. रत्नागिरीकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्यांत काय टिकेल आणि काय वाहून जाईल, याचा अंदाज फणसवाडींत बसून करतां येणार नाहीं. लव्हाळ्याचें तर निराळेंच; त्याची गांठ जमिनींत शिदोरी बांधून बसलेली असते, म्हणून बियांपासून येणाऱ्या तणास जें भय आहे तें त्यास नाहीं. उलट तोच पिकांस बाधणारीं द्रव्यें सोडतो. गाजर गवत, जें १९५५ सालीं पुण्यास प्रथम नजरेस आलें, त्याचाही मोठा आधार 'पार्थेनिन' या विषावर आहे. तेव्हां ज्या गुणाच्या शोधांत आपण आहों, तो गुण शत्रूपाशीं आपल्याहून अधिक आहे.

चाळणी लावावयाचीच तर कोणत्या गवतांस ? रोपवाटिकेंत 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून मिळते ती हरळीच, निवडलेली. 'कोरियन' म्हणून बारीक टोंचऱ्या पात्यांचें मिळतें तें झोयसिया, वाढीस मंद. आणि सावलींत चालणारें रुंद पात्यांचें कार्पेट गवत. यांच्या जोडीस बांधावरचें आपलें मारवेल मी घेणार आहें. तें हिरवळीचें गवत नव्हे, परंतु तें गुरें आवडीनें खातात. तण दाबण्यांत तें थोडें कमी पडलें तरी शेतकऱ्याच्या पदरांत वैरण पडते. जिमखान्यास हा विचार करावा लागत नाहीं.

यंदा डबे मांडले आहेत ते मुळ्यासाठीं नाहींत. वहिनींनीं गांवाहून रायवळ आंब्याच्या कोयी पाठविल्या आहेत. त्या जूनच्या आरंभीं लावल्या. चार गवतें, प्रत्येकाजवळ कोळसा घातलेला एक व न घातलेला एक डबा, आणि गवताविना दोन डबे, असे दहा डबे गॅलरीच्या कठड्याशीं ओळीनें आहेत. सातांतील कोयी फुटल्या आहेत. तांबूस पालवी हिरवी झाली म्हणजे मोजणीस सुरुवात करावयाची, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुतण्यास कांहींही कळवावयाचें नाहीं, असें घरांत ठरलें आहे.